एकट्या संगणकाचं घड्याळ

अगं, तुझ्या प्रयोगशाळेतला तो संगणक मुद्दामच नेटपासून तोडलेला आहे. तेव्हा घड्याळ चुकतंय म्हणून कुणी ‘पाच मिनिटं वायफाय लावून घे’ म्हणालं, तर अजिबात ऐकू नकोस. आणि रोज सकाळी ‘डेट’ कमांडनं काटे ढकलायची सवयही सोड. घड्याळ मागे ओढलंस की सुरू होण्याआधीच संपलेली चाचणी नोंदीत दिसते, आणि मग त्या नोंदीवर कोण विश्वास ठेवणार?

त्यापेक्षा घड्याळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्रॅम बसव. त्या संगणकावर जी डेबियन आवृत्ती आहे, तिचंच पॅकेज दुसऱ्या मशिनवर उतरवून पेनड्राइव्हनं आण. सिस्टिमडीचं टाइमसिंक चालू असेल तर ते बंद कर. एका घड्याळाला दोन मालक नकोत. कॉन्फिग फाइलमधली ‘पूल’ची ओळ काढ, ‘मॅन्युअल’ आणि ‘लोकल स्ट्रॅटम १०’ अशा दोन ओळी घाल. पहिलीमुळे वेळ हातानं सांगता येते. दुसरीमुळे बाहेरचा आधार नसतानाही तो आजूबाजूच्या संगणकांना वेळ देतो. त्यांच्यासाठी ‘अलाऊ’ची ओळ लिही आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ उघड.

आता खरी गोष्ट नीट ऐक. मोबाइलवरचे सेकंद बघून ‘क्रोनीसी सेटटाइम’ दिलंस, तरी एंटर दाबताना अर्धा सेकंद इकडेतिकडे होणारच. दुसऱ्यांदा वेळ दिलीस की क्रोनी दोन नोंदींमधला फरक मोजून घड्याळ किती वेगानं चुकतंय ते ठरवतो. तासाभरातच दुसरी नोंद दिलीस, तर तुझ्या बोटाची चूक तो घड्याळाच्या माथी मारेल, म्हणजे दिवसाला बारा सेकंदांची! तीच नोंद आठवड्यानं दिलीस, तर त्या अर्ध्या सेकंदाचा परिणाम दिवसाला सेकंदाच्या चौदाव्या भागाइतकाच उरतो. क्वार्ट्झ स्फटिकात दहा लाखांत विसाची चूक असली, तर घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतं. हा फरक पकडायला आठवडा थांबावंच लागतं, बाई. चुकीची वेळ टाइप झाली, तर ‘मॅन्युअल डिलीट’नं ती नोंद काढून टाक. सगळं वहीत लिहून ठेव: कुठल्या घड्याळावरून वेळ घेतलीस, क्रोनीनं किती फरक दाखवला, ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’मध्ये काय दिसलं. सेवा पुन्हा सुरू झाली की हातानं दिलेल्या नोंदी जातात, तेव्हा वहीच कामाला येईल.

वेळ जुळली की ‘एचडब्ल्यूक्लॉक’नं ती मदरबोर्डवरच्या घड्याळातही उतरव. वीज गेल्यावर साल भलतंच दिसलं, तर आधी सीआर२०३२ सेल बदल. सॉफ्टवेअरला दोष देऊ नकोस.

एक मात्र साहेबांना जरूर विचार: जीपीएस रिसीव्हर लावता येईल का? तो फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. खिडकीतून आकाश दिसत असेल आणि सुरक्षा विभागाची हरकत नसेल, तर त्याच्या सेकंदागणिक येणाऱ्या पीपीएस ठोक्यावर क्रोनी मायक्रोसेकंदांत जुळतो, आणि मग दर आठवड्याला मोबाइल हातात धरून एंटर दाबत बसायला नको.