लांब ट्रेमधला मका चारा: होळीच्या आत मांडणी लावा

माघ सरत आला की पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या शिवारात कडब्याच्या गंजी लागतात. वैरण दिसते भरपूर, पण विहिरीने तळ दाखवला की लसूणघास सुकतो आणि दुभत्या गाईपुढे हिरवे काय टाकायचे, हा प्रश्न चैत्राआधीच गोठ्यात येऊन उभा राहतो. 2012-13 आणि 2018-19 या दोन्ही दुष्काळांत या तालुक्यांनी चारा छावण्या पाहिल्या. मातीविना ट्रेमध्ये उगवलेला मका आपल्याकडे घरोघरी माहीत झाला, तो याच टंचाईच्या वर्षांत.

आधी कटू हिशेब. एक किलो मक्यापासून पाच ते सहा किलो हिरवा चारा मिळतो, हे खरे आहे. पण मक्याच्या दाण्यात शुष्क भाग असतो 880 ते 900 ग्रॅम, आणि त्यातून उगवलेल्या साडेपाच किलो चाऱ्यात तो उरतो 750 ग्रॅमच्या आसपास. कोंब फुटताना दाणा स्वतःचेच साठवलेले अन्न खर्च करतो. वाढते ते पाण्याचे वजन. मका 24 रुपये किलो धरला तर ओला चारा साडेचार रुपयांच्या आत पडतो आणि माणूस हरखतो. शुष्क भागाचा भाव काढला की तोच चारा 32 रुपयांवर जातो, मजुरी आणि वीज वेगळी. म्हणून ज्याच्याकडे अजून अर्धा एकर मका भिजवण्याइतके पाणी आहे, त्याने मुरघासच करावा. ट्रेचा चारा पोट भरायला नाही. कोरड्या कडब्याच्या जोडीला रोज थोडे पचायला सोपे, हिरवे मिळावे, एवढ्यासाठीच तो करावा.

तेवढ्यासाठी करायचा तर दहा फूट लांब, एक फूट रुंद आणि अडीच-तीन इंच खोल ट्रे सोयीचा पडतो. भिंतीला लावून मांडता येतो आणि एका बाजूने हात पुरतो. चौकोनी ट्रेमध्ये मधली गादी कुजली तरी चटकन दिसत नाही. अरुंद ट्रेमध्ये लपायला जागा नसते. एका ट्रेला सहा किलो मका लागतो आणि आठव्या दिवशी 30 ते 35 किलो चारा निघतो. चार गाईंना प्रत्येकी आठ किलो द्यायचा तर रोज एक ट्रे भरायचा, रोज एक काढायचा. म्हणजे आठ ट्रे: चार कप्प्यांच्या दोन मांडण्या, कप्प्यांत दीड फूट अंतर.

लांब ट्रेचा खरा शत्रू त्याची लांबीच आहे. भरलेला ट्रे पाण्यासह 45 किलोपर्यंत जातो. खाली दर दोन फुटांवर आडवा आधार नसेल तर तो मधोमध पोट काढतो, तिथे पाणी साचते आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. उतार द्यायचा, पण बेताचा: दहा फुटांत अर्धा, फार तर पाऊण इंच. दोन इंच दिला तर खालच्या टोकाला डबके आणि वरच्या टोकाला कोरडे दाणे, अशी गत होते. गवंड्याची पाणसळ लावून बघा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. पाणी वरच्या टोकाने अर्ध्या इंची नळीतून सोडा आणि खालच्या टोकाचे छिद्र एक इंचाचे ठेवा. मुळ्या तेच छिद्र आधी शोधतात, म्हणून त्यावर जाळीचा तुकडा हवा.

पहिले दोन दिवस ट्रेमध्ये पाणी सोडूच नका. दाणे सुटे असतात, वाहत जाऊन खालच्या टोकाला ढीग करतात. तेवढे दिवस झारीने शिंपडा आणि वर ओले गोणपाट टाका. तिसऱ्या दिवशी मुळ्यांची वीण बसली की दिवसातून चार वेळा, एप्रिलच्या उन्हात पाच वेळा, अर्धा इंच पाणी भरू द्या आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळे उतरू द्या. अर्धा इंच म्हणजे एका ट्रेला साधारण 12 लिटर. विजेचा भरवसा नसेल तर उंचावर 200 लिटरचा ड्रम आणि एक तोटी एवढ्यावर काम भागते. टायमरचा पंप असलाच पाहिजे असे नाही. जुन्या गोव्यातील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने केलेल्या कामात एक किलो मका चाऱ्याला दीड ते तीन लिटर पाणी लागल्याचे दिसले. त्या मापाने आपल्या 32 किलोंना दिवसाला 50 ते 100 लिटर पुरतात, पण उतरलेले पाणी फिरवून वापरले तरच. फिरवताना ते कोवळ्या ट्रेकडून जुन्याकडे न्यावे, उलट कधीही नाही. आणि संध्याकाळी उरलेले पाणी बांधावरच्या नेपियरला सोडून ड्रम धुवावा. कूपनलिकेचे पाणी मचूळ लागत असेल तर बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात ते आधी तपासून घ्या. क्षार जास्त असले की उगवणच अडखळते.

दाणा घेताना हयगय नको. दुकानातल्या पिशवीतला गुलाबी-निळा रंग चढवलेला बियाण्याचा मका औषध लावलेला असतो, तो गाईच्या तोंडी जाता कामा नये. खायचाच, न फुटलेला, नव्या हंगामाचा मका घ्या. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून किमान 85 उगवतात का ते पाहा. मग तरंगणारे दाणे काढून 20 ते 24 तास भिजवा, एक दिवस पोत्यात दडपा आणि ट्रेमध्ये पसरा. मक्याऐवजी घरची ज्वारी वापरण्याचा मोह होईल. पण कोवळ्या ज्वारीच्या कोंबात विषारी घटक असतो, जनावर दगावू शकते. कीटकनाशकाचे डबे उभे कापून केलेले ट्रे तर उचलून बाहेर फेका.

बुरशीबद्दल दयामाया नको. हिरवी-काळी लव दिसली की तेवढाच तुकडा काढून उरलेला चारा घालतात, हे चूक आहे. काही बुरशींचे विष गाईच्या पोटातून दुधात उतरते. दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. त्या ट्रेमधला सगळा चारा शेळ्यांनाही न देता खड्ड्यात पुरा, ट्रे ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा आणि दिवसभर कडक उन्हात पालथा ठेवा. खोलीत हवा खेळती हवी, पत्र्यावर पाचट टाकून ओले ठेवावे. दिव्यांचा खर्च नको. शेवटचे तीन दिवस खिडकीतला उजेड मिळाला की चारा हिरवा होतो.

गाईला पहिल्या दिवशी दोन किलोच द्या, आठवड्यात आठवर न्या. मुळ्यांसह गादी हाताने फाडून कडब्याच्या कुट्टीत मिसळावी, नुसती टाकली तर गाय हिरवे वेचून कुट्टी मागे सोडते. पेंड एकदम बंद करू नका. आधी दोन आठवडे दूध आणि फॅट वहीत लिहा, मग पेंडीला हात लावा.