चूजोहिमे : घराबाहेर काढलेली कन्या आणि कमळाच्या धाग्यांचा पट

जपानमधील नारा प्रांतात निजो डोंगराच्या पायथ्याशी ताइमादेरा नावाचे प्राचीन विहार आहे. विहारात गेल्यावर आपली नजर प्रथम बुद्धमूर्ती शोधते. परंतु येथील मंडल-सभागृहात पूजास्थानी मूर्ती नाही, तर एक भव्य पट आहे. या पटाशी चूजोहिमे या सरदारकन्येची कथा जोडलेली आहे. ही कथा आम्ही या पाठासाठी निवडली आहे, कारण चमत्काराच्या कथा धम्माच्या अभ्यासकाने कशा वाचाव्यात, हे तिच्यावरून नीट समजते.

कथा अशी आहे

आठव्या शतकात नारा ही जपानची राजधानी होती. तेथील मंत्री फुजिवारा नो तोयोनारी यांच्या घरी 747 साली ही कन्या जन्मली, असे परंपरा सांगते. 'चूजो' हे दरबारी पद आणि 'हिमे' म्हणजे राजकन्या अथवा कुलीन कन्या. लहानपणीच तिची आई वारली. सावत्र आईने द्वेषापोटी तिच्यावर खोटे आळ घेतले आणि शेवटी तिला डोंगरात नेऊन ठार मारण्याची आज्ञा एका सेवकाला दिली. त्या सेवकाचा हात उठला नाही. त्याने तिला हिबारी डोंगरात लपवून ठेवले. पुढे शिकारीला गेलेल्या पित्याला ती तेथे जिवंत भेटली व तो तिला घरी घेऊन आला.

घर परत मिळाले. पण तिचे मन त्यात रमले नाही. 763 साली तिने ताइमादेरा येथे प्रव्रज्या घेतली. अमिताभ बुद्धांचे दर्शन घडावे असा तिने निश्चय केला. तेव्हा एक अनोळखी भिक्षुणी आली व तिने शंभर ओझी कमळाचे देठ आणावयास सांगितले. देठांतून धागे काढले, विहिरीच्या पाण्यात ते पंचरंगी झाले. मग दुसरी एक स्त्री आली आणि तिने एका रात्रीत पट विणून दिला. पहिली भिक्षुणी म्हणजे स्वतः अमिताभ आणि विणणारी म्हणजे अवलोकितेश्वर, असे कथा सांगते. चूजोहिमे 775 साली वारली, असे मानतात.

इतिहास काय सांगतो

मूळ पट आजही आहे. तो सुमारे चार मीटर लांब व तेवढाच रुंद आहे. तपासणीत तो कमळाच्या धाग्यांचा नसून रेशमाचा असल्याचे आढळले. तो आठव्या शतकातील आहे. मात्र तो चीनमध्ये विणला की जपानमध्ये, यावर विद्वानांत मतभेद आहेत. एवढे बारीक काम एका रात्रीत होणे शक्य नाही. त्यामागे कुशल विणकरांचे दीर्घ श्रम आहेत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मूळ पट जीर्ण झाल्यावर 1217 सालापासून त्याच्या प्रतिकृती रंगविण्यात आल्या. दुरुस्तीनंतर 2018 साली नारा येथील राष्ट्रीय संग्रहालयात मूळ पट लोकांना पाहावयास मिळाला.

तेराव्या शतकातील चित्रमय गुंडाळीत ही कन्या आहे, पट आहे. परंतु सावत्र आई व डोंगरातील वनवास नाही. तो भाग नंतरच्या शतकांत जोडला गेला. म्हणजे लोकांनी स्वतःच्या घरांत पाहिलेले दुःख या कथेत ओतले, असे आम्हांस वाटते.

भारताशी नाते

या पटाच्या एका बाजूच्या चौकटींत आपल्याच राजगृहाची कथा आहे. अजातशत्रूने पिता बिंबिसार यास बंदिवासात टाकले. राणी वैदेही लपून त्याला अन्न पोहोचवीत असे. म्हणून पुत्राने तिलाही कोंडले. कोंडलेल्या वैदेहीला भगवंतांनी उपदेश केला, असे अमितायुर्ध्यान सूत्रात सांगितले आहे. घरच्याच माणसाने अन्याय केलेली एक राणी पटावर, आणि तशीच दुसरी कन्या त्या पटाच्या कथेत! हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चमत्कार कोणता?

दीघनिकायातील केवट्ट सुत्तात तीन प्रकारचे चमत्कार सांगितले आहेत : ऋद्धीचा, परचित्त जाणण्याचा आणि अनुशासनाचा, म्हणजे उपदेशाचा. पहिल्या दोहोंत तथागतांना दोष दिसला; उपदेशालाच त्यांनी श्रेष्ठ मानले. पिंडोल भारद्वाजाने चंदनाच्या पात्रासाठी ऋद्धी दाखविली, तेव्हा गृहस्थांसमोर असे प्रदर्शन करण्यास भगवंतांनी मनाई केली, हे विनयात नमूद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले आहे की, दैवी चमत्कार नाकारण्यामागे मनुष्याला विवेकाच्या मार्गावर आणणे हा भगवंतांचा एक हेतू होता.

मग या कथेतील खरा चमत्कार कोणता? आमच्या मते तो दोन ठिकाणी आहे. मारण्याची आज्ञा असूनही सेवकाचा हात थांबला, हा पहिला. जिच्यावर अन्याय झाला तिने सूडात आयुष्य न घालविता नवे जीवन उभे केले, हा दुसरा. या दोन्हींसाठी ऋद्धी लागत नाही; करुणा आणि निश्चय लागतो.

परंतु क्षमेचे कौतुक करताना पित्याचा दोष झाकू नये. कन्येवर आळ आला तेव्हा त्याने चौकशी केली नाही. येथे विशाखेची आठवण होते. सासरा मिगार तिला घराबाहेर काढू लागला, तेव्हा ती रडत माहेरी गेली नाही. पित्याने सोबत दिलेल्या आठ कुटुंबप्रमुखांसमोर चौकशी व्हावी, असा तिने आग्रह धरला. चौकशी झाली, ती निर्दोष ठरली आणि सासऱ्यालाच क्षमा मागावी लागली. चूजोहिमेला असे आठ जण मिळाले नाहीत.

आजही खोट्या आळामुळे लेकी-सुना घराबाहेर काढल्या जातात. त्या वेळी कमळाचे धागे घेऊन कोणी आकाशातून येणार नाही. ते आठ जण आपणच झाले पाहिजे. आधी ऐकावे, मग तपासावे आणि नंतरच बोलावे. घराबाहेर पडलेल्या भगिनीला आसरा, शिक्षण व काम मिळवून द्यावे. असा पट एका रात्रीत विणला जात नाही. तो अनेक हातांनी, धागा-धागा जोडूनच पुरा होतो.

मननासाठी प्रश्न
1. केवट्ट सुत्तात कोणता चमत्कार श्रेष्ठ मानला आहे? का?
2. चूजोहिमेचा पिता आणि विशाखेचे आठ कुटुंबप्रमुख यांच्या वागण्यात कोणता फरक दिसतो?
3. आपल्या वस्तीत कोणावर आळ आला, तर आपण प्रथम काय कराल?