चेनसॉ घेताना एचपी बघायचा की टॉर्क? (बाभूळ, चिंच, जुनं लिंबू तोडणाऱ्यांसाठी)



पावसाळ्याआधी बांधावरच्या बाभळी छाटायच्या, वाळलेली चिंच उतरवायची, श्रीगोंद्याकडं जुन्या लिंबाच्या बागा मोडायच्या, अशी कामं निघाली की चेनसॉची चौकशी सुरू होते. विचारणा एकच असते, "3 एचपीचं घेऊ की साडेतीनचं?" नुसत्या या आकड्यावर मशीन घेऊ नका. आधी हे वाचा.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. एचपी म्हणजे तो जोर किती वेगानं काम करतो त्याचा हिशोब. शेतातलं 5 एचपीचं जुनं डिझेल इंजिन 1500 फेऱ्यांवर चालतं, त्याचा टॉर्क साधारण 24 न्यूटन मीटर भरतो. आपल्या 100 सीसी मोटरसायकलचा एचपी 8 च्या आसपास, म्हणजे इंजिनापेक्षा जास्त. पण टॉर्क फक्त 7-8. एचपी जास्त असूनही तिचा जोर कमी, कारण तिचा एचपी फेऱ्यांतून येतो. चढावर आपण गिअर खाली टाकून तो जोर वाढवून घेतो. ट्रॅक्टरलाही नांगर जड गेला की तेच करतो.

चेनसॉला गिअरच नाही, खरी अडचण इथं आहे. इंजिन, क्लच आणि चेन फिरवणारं दातेरी चाक सरळ एकाला एक जोडलेलं. बार बाभळीच्या गाभ्यात शिरला आणि फेरे 8500 वरून 6000 वर आले, तर त्या 6000 वर इंजिनात जेवढा जोर आहे तेवढ्यावरच चेन ओढायची. जाहिरातीतला एचपी मात्र वरच्या फेऱ्यांवर मोजलेला असतो.

हिशोब घरी करता येतो. माहितीपुस्तिकेत किलोवॅट आणि तो किती फेऱ्यांवर मोजला हे दिलेलं असतं. किलोवॅटला 9550 नं गुणा, फेऱ्यांनी भागा, टॉर्क निघतो. 2.2 किलोवॅट (म्हणजे 3 एचपी) 8500 फेऱ्यांवर असेल तर टॉर्क 2.5 न्यूटन मीटर. तेवढेच किलोवॅट 10000 फेऱ्यांवर असतील तर 2.1. दोन्ही डब्यांवर 3 एचपीच लिहिलेलं, पण दुसऱ्यात जोर सुमारे 15 टक्के कमी. कठीण लाकडाला पहिलं मशीन बरं. ज्या मशीनच्या कागदावर किलोवॅट आणि फेरे दोन्ही नाहीत, नुसता मोठा एचपी छापलाय, ते मी तरी घेणार नाही.

आता उलटी बाजू. टॉर्क भरपूर पण फेरे कमी असं मशीनही कामाचं नाही. चेनसॉ वेगावर कापतो, पूर्ण वेगात चेन सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावते. म्हणून सीसी बघा. फूटभर, सव्वा फूट जाडीच्या बाभळीला 50 ते 60 सीसी आणि 16 किंवा 18 इंची बार पुरतो. 22 इंची बार दिसायला रुबाबदार, पण लांब चेनचं घर्षण जास्त, तेल जास्त, आणि मोठ्या खोडात तो पूर्ण शिरला की एका वेळी जास्त दात लाकडात अडकतात. छोटं इंजिन तिथंच दम सोडतं. जाड खोड दोन्ही बाजूंनी कापा.

कडबाकुट्टीत मोठी पेंढी एकदम कोंबली की काय होतं ते माहीतच आहे. चेनसॉवर जोर देऊन दाबलं की तसंच होतं. इंजिन ओरडतंय, चेन उभी आणि जळका वास येतोय, म्हणजे क्लच घसरून तापतोय. लगेच ॲक्सिलरेटर सोडा. दाबून कापणाऱ्याचा तोलही जातो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन झटक्यात अंगावर उलटतं. टोकानं कापू नका, चेनब्रेक चालतोय का हे रोज सुरू करण्याआधी बघा. सैल पंचा, उपरणं अंगावर नको.

पुष्कळदा दोष मशीनचा नसतोच, चेन बोथट असते. खाली ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबा, कानस लावा. कठीण लाकडाला दाताचा कोन 30 ऐवजी 25 अंशाच्या आसपास ठेवला की धार जास्त टिकते. दातापुढचा उंचवटा घासून जास्त खाली नेऊ नका; दात मोठा घास घेतो, इंजिन अडतं आणि झटकाही वाढतो. बांधावरच्या खोडात जुनी तार, खिळा असतोच, सालीत मातीही असते. आधी कुऱ्हाडीनं साल खरवडून बघा. आणि बाभूळ ओली असतानाच तुकडे करून घ्या, वाळल्यावर तीच दुप्पट त्रास देते.

आंबा, चिंच, जांभूळ, साग तोडण्याआधी परवानगी लागते, झाड स्वतःच्या शेतात असलं तरी. 1964 चा कायदा आहे. मशीन आणण्याआधी तो कागद करा.

खरेदीआधी मशीनच्या प्लेटचा आणि माहितीपुस्तिकेच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा, सोबत कोणतं झाड आणि किती जाड ते लिहा. टॉर्कचा हिशोब करून कळवतो.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी