रात्री दहानंतर पाणी बंद

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात सगळ्यांना एकच सूचना मिळते: रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. केस सकाळी आठची असो की दुपारी दोनची, सूचना तीच, आणि घरचे ती सोवळ्यासारखी पाळतात.

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याच्या वेळी यादीत तिचा नंबर पहिला होता. पहाटे अपघाताचा पेशंट आला. त्याला आधी घेतलं हे योग्यच झालं. आईची केस दुपारवर गेली, पण तिच्या उपासाकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही. तिची जीभ टाळूला चिकटत होती, डोकं ठणकत होतं. सलाईनसाठी सिस्टरना शीर सापडेना. टोचून टोचून मनगट काळंनिळं झालं. "ओठ तरी ओले कर गं," एवढंच ती म्हणत राहिली.

भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका खरा आहे, हे आधी सांगते. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६६ जणींना हा त्रास झाला होता आणि दोघी दगावल्या होत्या. त्या दोघी गुदमरल्या त्या घट्ट अन्नाने. पुढे मात्र अन्न आणि पाणी एकाच नियमात बांधलं गेलं. खरं तर पाणी पोटातून फार लवकर पुढे सरकतं. म्हणूनच अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच सांगितलं की ठरलेल्या ऑपरेशनआधी धडधाकट माणसाला दोन तासांपर्यंत पाणी चालतं. हलका नाश्ता आणि दूध सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-तेलकट आठ तास. तान्ह्या बाळाला अंगावरचं दूध चार तास आधीपर्यंत. इतक्या वर्षांनंतरही हे कित्येक वॉर्डांपर्यंत पोचलेलं नाही, याचा मला राग येतो.

म्हणून आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हाच त्यांना विचारा. हा निर्णय त्यांचा असतो. उपास रात्रीपासून पुढे मोजू नका, ऑपरेशनच्या वेळेपासून मागे मोजा. आणि केस लांबली तर पाणी द्यायचं का, हे कुणाला विचारायचं तेही ठरवून घ्या. आईच्या डाव्या गुडघ्याच्या वेळी आम्ही हेच केलं. भूलतज्ज्ञ बाईंनी आईला विचारलं, "जेवण घशाशी येतं का? थोडं खाल्लं तरी पोट गच्च होतं का?" आईचा मधुमेह जुना, आणि जुन्या मधुमेहात पोट सावकाश रिकामं होऊ शकतं, म्हणून हे प्रश्न. मग त्यांनी कागदावर लिहून दिलं: ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. दुधाचा चहा मात्र दुधातच धरायचा. गर्भवती, आतड्याला अडथळा असलेले, वजन कमी करायचं इंजेक्शन घेणारे यांचे नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे शेजारच्या खाटेवरचं बघून आपलं ठरवू नका.

गोळ्यांच्या पाकिटांवरची नावंही त्यांना दाखवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या मधुमेहाच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपासात त्यांच्यामुळे साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. आपल्या मनाने मात्र कुठलीच गोळी बंद करू नका.

आणि कळवळून कुणी पेशंटला चोरून चहा-बिस्कीट दिलं असेल, तर ओटीत नेण्याआधी सांगून टाका. केस पुढे ढकलतील, कदाचित रागावतीलही, तरी सांगा.