फुकट इंटरनेट

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. परवा त्यांनी रिचार्जच्या दुकानावरची पाटी वाचली. स्वतः वाचली, कुणाला विचारली नाही. पाटीवर बारीक अक्षर पुष्कळ होते. ते काही त्यांना लागले नाही. पण 'फुकट' हा शब्द मोठा होता, आणि त्यात जोडाक्षरही नव्हते. वर्गात आल्या आल्या त्या म्हणाल्या, "गुरुजी, फुकट म्हंजी पैसं कोन देतंय? कुनीतरी देत आसंलच की!"

प्रश्न बिनतोड होता. ह्याच प्रश्नावरून २०१५ साली आपल्या देशात मोठे भांडण झाले. एका बाजूला जगातली फार मोठी कंपनी होती. त्या भांडणात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचाही दाखला दिला गेला. आज आपण तीच हकीकत वाचू.

आधी इंटरनेट म्हणजे काय ते पाहू. जगातले संगणक एकमेकांना जोडणारे ते एक जाळे आहे. तुमच्या हातातला स्पर्शाचा मोबाईल हाही एक लहान संगणकच. त्यातून निघालेला निरोप गावच्या टॉवरवर जातो. तिथून पुढे कुठे ना कुठे जमिनीखालच्या तारेला लागून शहरात जातो. परदेशी जायचा असेल तर समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून जातो. अशा काही तारा मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन लागल्या आहेत. लोकांना वाटते, सगळे हवेतून चालते. हवेतून चालते ते बहुधा थोड्याच अंतरापर्यंत.

आपल्या देशात सामान्य माणसाला हे जाळे खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ ला. तेही आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा बड्या शहरांत. खेड्यात ते पोचायला बरीच वर्षे गेली.

आता ह्या जाळ्यावर दोन प्रकारचे धंदेवाले आहेत. एक रस्तावाले. जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल हे रस्तावाले. आपण रिचार्जचे पैसे देतो ते ह्यांना. दुसरे दुकानवाले. फेसबुक, गूगल हे दुकानवाले. त्या रस्त्याच्या कडेला ह्यांची दुकाने आहेत. व्हॉट्सॲप हे फेसबुकवाल्या कंपनीचेच दुसरे दुकान, आणि यूट्यूब गूगलचे. पुष्कळ लोक रस्ता आणि दुकान एकच समजतात. "माझ्याकडे नेट नाही, नुसते व्हॉट्सॲप आहे," असे आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. म्हणजे घरापुढे रस्ता नाही, पण बैलगाडी मात्र बाजाराला जाते, असे म्हणण्यासारखे झाले!

रस्तावाल्याने कसे वागावे? पोस्टाचे उदाहरण घ्या. आपण पाकिटाला वजनाप्रमाणे तिकीट लावतो. पत्र सावकाराला आहे, मामलेदाराला आहे, की मुंबईत गिरणगावात राहणाऱ्या मुलाला आहे, हे पोस्ट विचारीत नाही. सावकाराचे पत्र फुकट आणि मुलाच्या पत्राला दुप्पट तिकीट, असे कधी होत नाही. इंटरनेटच्या रस्तावाल्यानेही तसेच वागावे. जेवढे वापरले तेवढ्याचे पैसे घ्यावे. कोणत्या दुकानी गेलात, ह्यावरून दर बदलू नये. ह्याला नेट न्यूट्रॅलिटी असे इंग्रजी नाव आहे. आपण समान वाट म्हणू.

आता हकीकत ऐका.

फेसबुक ही अमेरिकेतली कंपनी. मार्क झुकरबर्ग नावाच्या तरुणाने २००४ साली ती मित्रांबरोबर सुरू केली. २०१३ साली त्यांनी एक योजना काढली. जगात ज्यांच्यापर्यंत इंटरनेट पोचले नाही त्यांना ते पोचवायचे, असे तिचे सांगणे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती योजना भारतात आली. रस्तावाली म्हणून रिलायन्स कम्युनिकेशन्स ही कंपनी बरोबर होती. (ही जिओ नव्हे. ती धाकट्या भावाची, जिओ थोरल्याची.) पहिल्याच खेपेला ज्या राज्यांत योजना आली, त्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी सप्टेंबरात तिचे नाव 'फ्री बेसिक्स' असे ठेवले. मराठीत सांगायचे तर गरजेपुरते, तेही फुकट.

त्यात काय मिळे? हवामान, काही बातम्या, नोकऱ्यांची माहिती, विकिपीडिया हा ज्ञानकोश, आणि अर्थातच फेसबुक. ह्यांना पैसे लागत नसत. त्याबाहेर पाऊल टाकले की पैसे. आत कोणाला घ्यायचे त्याच्या अटी फेसबुकने लिहिलेल्या. पुढे त्यांनी सांगितले की अटी पाळील त्या सगळ्यांना दार उघडे आहे. पण अटी कोणाच्या? त्यांच्याच. त्यात व्हिडिओ चालत नसे. सगळी ये-जाही फेसबुकच्याच संगणकांतून होई.

समजा, आठवड्याच्या बाजाराला एक मोटार फुकट सुरू झाली. पण ती थांबते एकाच गल्लीत. दुसऱ्या गल्लीत जायचे तर उतारूने दहा रुपये द्यायचे. उतारू काय करील? पहिल्याच गल्लीत खरेदी करील. मग दुसऱ्या गल्लीत पाटी घेऊन बसलेल्या भाजीवालीकडे कोण जाईल? तिची भाजी ताजी आहे, दरही कमी आहे. पण मोटार तिच्यापुढे थांबत नाही. आणि मोटारवाल्याचे स्वतःचे दुकान त्या पहिल्या गल्लीच्या तोंडाशीच आहे!

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मोटारीचा खर्च गिऱ्हाइकांच्या गर्दीतून निघतो. फेसबुकची कमाई जाहिरातींची आहे. जितकी माणसे दुकानात येतील आणि जितका वेळ बसतील, तितकी जाहिरात खपते.

तरी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती खोटी नव्हती. त्या वेळी इंटरनेट महाग होते. २०१४ साली एक जीबीला सरासरी अडीचशे रुपयांवर पडत. रोजगार हमीची एका दिवसाची मजुरी त्याहून कमी होती. मग योजनेच्या बाजूचे लोक म्हणत, "शहरातल्या शिकलेल्या लोकांनी पोट भरून जेवावे आणि उपाशी माणसाच्या हातची शिळी भाकरी काढून घ्यावी, हा कुठला न्याय?" हा मुद्दा आम्हालाही लागला. त्याला झटकन उत्तर देता येत नाही.

पण विचार केल्यावर आम्हाला असे वाटले. शहरातल्या माणसाने इंटरनेट पाहिलेले आहे. त्याला कोणी तुकडा दिला तर हा तुकडा आहे, हे तो ओळखतो. ज्याने कधी पाहिलेच नाही, तो तुकड्यालाच भाकरी समजेल. नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाचे तर विशेषच. काय वाचायचे हे त्याने ठरवायच्या आधीच दुसऱ्याने ठरवून ठेवलेले असेल.

मोबाईल कंपन्यांवर देखरेख करणारी एक सरकारी संस्था आहे. तिचे नाव ट्राय. २०१५ च्या मार्चमध्येच तिने इंटरनेटच्या दरांबद्दल आणि नियमांबद्दल लोकांची मते मागितली होती. तेव्हा दहा लाखांवर पत्रे संगणकातून गेली. बहुतेकांचे म्हणणे एकच, वाट समान ठेवा. डिसेंबरात ट्रायने पुन्हा नेमके विचारले: वेगवेगळ्या दुकानांसाठी वेगवेगळा दर चालावा काय?

आता फेसबुक जोरात मैदानात उतरले. वर्तमानपत्रांत पान पान भरून जाहिराती आल्या. २८ डिसेंबर २०१५ ला खुद्द झुकरबर्ग ह्यांनी एका इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट होती. ह्या योजनेवर तो पावसाचा अंदाज पाहतो, मालाचे भाव पाहतो, आणि आता नवी पिके व जनावरे ह्यांत पैसे घालतो आहे, असे त्यांनी लिहिले. चांगली गोष्ट आहे. शेतकऱ्याला भाव आणि हवामान कळावे, ह्याला कोण नाही म्हणेल? पण त्याच शेतकऱ्याला दुसऱ्या ठिकाणचा भाव ताडून पाहायचा असेल, तर तो दुसऱ्या गल्लीत होता.

आणखी एक गोष्ट घडली. फेसबुकने आपल्या इथल्या गिऱ्हाइकांना तयार पत्र दाखवले. ट्रायला पाठवायचे ते पत्र. मजकूर आधीच लिहिलेला, तुम्ही फक्त बटण दाबा. लाखो लोकांनी दाबले. ट्रायने चार प्रश्न विचारले होते. तयार पत्रात त्यांची उत्तरे नव्हती, योजनेला पाठिंबा आहे एवढेच होते. जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने ह्यावर कंपनीला कडक शब्दांत लिहिले. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "ह्यो तर आमच्या बापाचा अंगठा झाला! कागुद सावकाराचा, अंगठा आपला."

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने निकाल दिला. आर. एस. शर्मा हे तेव्हा ट्रायचे अध्यक्ष होते. कोणत्या दुकानी जाता ह्यावरून इंटरनेटचा दर कमी-जास्त करता येणार नाही, असा नियम झाला. मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. पूर, भूकंप अशा संकटात मात्र सवलत देता येते. हे फार शहाणपणाचे केले. थोड्याच दिवसांत फेसबुकने भारतातली ती योजना बंद केली.

मग गरिबाला काय मिळाले? त्या दिवशी काहीच नाही. हे लपवून चालणार नाही. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. तिने पहिले काही महिने सगळेच फुकट दिले. गिऱ्हाईक ओढायला दिले, हे उघडच आहे. पण सगळा रस्ता दिला, एक गल्ली नव्हे. कंपन्यांची चढाओढ लागली. २०१८ पर्यंत जीबीचा सरासरी दर बारा रुपयांच्या आसपास आला. त्या चढाओढीत लहान कंपन्या बसल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा २०१७ च्या शेवटी बंद पडली. रस्तावाले मोजकेच उरले, आणि पुढे रिचार्जचे दर पुन्हा चढत गेले. बराचसा महिना आता २८ दिवसांचा असतो. वर्षात बारा रिचार्ज नव्हेत, तेरा लागतात. हिशेब करून पाहा.

एप्रिल २०२० मध्ये आणखी एक बातमी आली. फेसबुकने जिओच्या कंपनीत ४३,५७४ कोटी रुपये घातले आणि ९.९९ टक्के भाग विकत घेतला. दुकानवाला रस्तावाल्याचा भागीदार झाला. २०१६ चा नियम तेव्हा झालेला होता, म्हणून बरे.

मावशींची पाटी राहिलीच. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या दोघीतिघी मिळून दुकानावर गेल्या आणि बारीक अक्षर लावून आल्या. सिनेमे दाखवणारे एक ॲप फुकट होते. पण केव्हा? अमुक इतक्या मोठ्या रकमेचे रिचार्ज केले तर. मावशींचा मोबाईल बटणांचा. त्यावर सिनेमा दिसतच नाही. इतके दिवस दुकानदार देईल ते रिचार्ज त्या करीत, आणि त्यातल्या इंटरनेटचे पैसे वाया जात.

अशा लोकांसाठी ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये हुकूम काढला. नुसते बोलणे आणि संदेश, एवढ्यापुरतेही रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवले पाहिजे. मावशींनी ते मागितले. दुकानदार आधी म्हणाला, "तसलं काही नसतं." मावशी म्हणाल्या, "यादी दाव. मी वाचते." त्याने यादी पुढे केली. ते रिचार्ज खालून दुसऱ्या ओळीत होते.