भारी कार्डांचा डेक हरतो काहून?

मेंढीकोटात वाट्याला येतील ती पानं घेऊन डाव काढावा लागतो. क्लॅश रॉयल या मोबाइल गेममध्ये डेकची आठही कार्डं आपली आपण निवडायची असतात. मी परतूरहून रेल्वेने रोज जालन्याला ये-जा करतो. डब्यातली ओळखीची पोरं मोबाइल पुढे करून आपला डेक दाखवतात, आणि बहुतेकांचं दुखणं सारखंच निघतं. जे कार्ड दिसायला भारी, ते डेकमध्ये.

माझ्या भाच्याचाच डेक सांगतो, कार्डापुढचा आकडा ते टाकायला लागणाऱ्या एलिक्झरचा. गोलेम ८, पेक्का ७, मेगा नाइट ७, एलिट बार्बेरियन्स ६, प्रिन्स ५, विझार्ड ५, बेबी ड्रॅगन ४, फायरबॉल ४. बेरीज ४६, सरासरी ५.७५. एलिक्झर दहाच्या वर साठत नाही आणि पहिल्या दोन मिनिटांत एक एलिक्झर भरायला २.८ सेकंद लागतात. त्याने एलिक्झर दहा होताच पुलाजवळ गोलेम सोडला. आठ गेले, उरले दोन. तेवढ्यात समोरच्याने दुसऱ्या बाजूने चारचा हॉग रायडर धाडला. भाच्याच्या हातात पेक्का, मेगा नाइट, प्रिन्स आणि विझार्ड. टाकता एकही येईना. हॉग टॉवरला ठोकत राहिला आणि पोरगा एलिक्झर भरायची वाट बघत बसला. "मामा, कार्डं तर समदी भारी होती, मग हरलो काहून?"

गोलेम त्याचा लाडका, म्हणून तो ठेवला. पेक्का, मेगा नाइट, एलिट बार्बेरियन्स, प्रिन्स आणि विझार्ड काढले. त्यांच्या जागी मिनी पेक्का ४, मेगा मिनियन ३, कॅनन ३, अ‍ॅरोज ३ आणि स्केलेटन्स १ घातले. बेरीज ३०, सरासरी ३.७५. आता प्रत्येक कार्डाला काम आहे. टॉवर फोडायचं काम गोलेमचं, हॉगला ओढून घ्यायचं काम कॅननचं. हवेतून येणाऱ्यांना बेबी ड्रॅगन आणि मेगा मिनियन बघतात, किरकोळ झुंडीला अ‍ॅरोज पुरतात. गोलेमही पुलावर टाकायचा नाही. तो संथ चालतो, म्हणून एलिक्झर भरलेलं असताना किंग टॉवरच्या मागे सोडायचा. तो पुलापर्यंत येईतो पाठीमागच्या साथीदारांपुरतं एलिक्झर पुन्हा जमतं.

तुम्ही डेक बांधाल तेव्हा प्रत्येक कार्डावर बोट ठेवून त्याचं काम मोठ्याने सांगा. जिथे अडखळाल ते कार्ड काढा. दोन कार्डं एकच काम करत असतील तर महागडं काढा. आणि असा डेक एकदा बसला, की पुढचा बदल एका वेळी एकाच कार्डाचा करा. दोन-तीन सामने हरले की पोरं आख्खा डेक मोडतात, हे बघून मला फार वाईट वाटतं. नेमकं काय चुकत होतं ते मग कधीच कळत नाही. बॅटल लॉगमध्ये सामना पुन्हा बघता येतो. आपण कोणत्या कार्डाने हरलो, ते वहीत लिहा.

दुसऱ्याचा गाजलेला डेक जसाच्या तसा उचलणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. हॉग २.६ या डेकचंच उदाहरण घ्या. हॉग, मस्केटियर, कॅनन, आइस गोलेम, आइस स्पिरिट, स्केलेटन्स, फायरबॉल, लॉग, एकूण २१. हातातलं कार्ड टाकलं की मध्ये दुसरी चार टाकल्यावरच ते परत येतं, आणि इथली सर्वांत स्वस्त चार मिळून सहाच एलिक्झर लागतात. हॉग सारखा फिरून येतो, ही या डेकची सगळी ताकद. पण अंगावर येणाऱ्या पेक्कासमोर एकचे स्केलेटन्स नेमक्या क्षणी, नेमक्या चौकटीत पडावे लागतात. घरात सिग्नल धरत नसेल, तर तो क्षण हातातून जातो. तिथे थोडा जड, चुका पोटात घालणारा डेक बरा, असं माझं मत आहे.

दुसऱ्या गेमांतही डेक असा हिशेब करूनच बांधावा लागतो. हार्थस्टोन या कार्डांच्याच गेमचा नेहमीचा डेक ३० कार्डांचा. एखाद्या कार्डाच्या दोन्ही प्रती ठेवल्या, तरी न बदललेल्या पहिल्या पाच कार्डांत ते दिसण्याची शक्यता साधारण ३१ टक्के. म्हणून सगळा डाव एका कार्डावर टांगू नका. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हा याच हार्थस्टोनमध्ये भुजच्या तीर्थ मेहताने भारतासाठी कांस्य मिळवलं. भुज काही मुंबई-पुणे नव्हे. जालन्याच्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.

राहिला पैशाचा विषय. कार्डांची लेव्हल वाढवायला गेममधलं सोनं लागतं, ते आठच कार्डांवर घाला. घाई झालेल्यांना कुणीतरी तयार अकाउंट विकायला येतो. आमच्या गल्लीतल्या एका पोराने आईच्या मोबाइलवरून पैसे पाठवून असं अकाउंट घेतलं. विकणाऱ्याने जुन्या ई-मेलवरून काही दिवसांतच ते परत ताब्यात घेतलं आणि नंबर बंद केला. अकाउंटची खरेदी-विक्री गेमच्या नियमांतच बसत नाही, त्यामुळे तिथे दाद मागायला तोंड उरत नाही. सामन्यावर पैज लावणाऱ्यांपासूनही लांब राहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. पैसे गेलेच असतील, तर लाजून गप्प बसू नका. व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, घरच्यांना सांगा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.