बंदिश रचू, संशोधन करू, की शिकवू?

प्रश्न : मी गाण्याचे वर्ग घेते. अधूनमधून बंदिशी सुचतात, रागांवर नेटाने अभ्यास करून लिहावं असंही वाटतं. घरचे म्हणतात, एक काय ते धर. तिन्ही कामं एकाच माणसाला जमतात का?

उत्तर : जमतात, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईचाच आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून जुने ग्रंथ धुंडाळले, घराणेदार गवयांकडून चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. पण सापडलेलं रागशास्त्र विद्यार्थ्याच्या गळ्यात उतरवायचं कसं? त्यासाठी त्यांनी ‘चतुर’ या नावाने लक्षणगीतं रचली.

भूपाचं लक्षणगीत घ्या. मध्यम-निषाद वर्ज्य, गंधार वादी, धैवत संवादी, वेळ रात्रीचा पहिला प्रहर, ही माहिती गीताच्या शब्दांतच असते आणि चालही भूपातलीच. वादी स्वर वेगळा पाठ करावा लागत नाही. चाल पुन्हापुन्हा गंधाराशी येते, त्यामुळे कानालाच तो पटतो. काव्य म्हणून ही गीतं फार रसाळ नाहीत, हे खरं. पण एवढ्या थोड्या जागेत राग समजावणारं दुसरं साधन मला माहीत नाही. संशोधन नसतं तर त्यात सांगायला काही नसतं, आणि वर्ग नसता तर ती रचायची गरजच पडली नसती.

त्यांचे शिष्य पं. श्रीकृष्ण रातंजनकर लखनौच्या मॅरिस कॉलेजात (स्थापना १९२६) अनेक वर्षं प्राचार्य होते. तेही ‘सुजान’ या नावाने बंदिशी रचत राहिले. प्रभाताई अत्रे यांनी सरगमवर प्रबंध लिहिला, मैफलीत सरगम गायली, अपूर्व कल्याणसारखे राग बांधले आणि एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागही सांभाळला.

तेव्हा घरच्यांचं मनावर घेऊ नका. फक्त सुरुवात वर्गापासून करा. मुलं कोणत्या रागात अडतात, कुठे भूप गाताना देसकारात शिरतात, ते वहीत टिपा. त्या अडचणीवर जुन्या बंदिशी काय उपाय करतात ते शोधा. तरीही उणीव राहिली, तर तेवढ्यापुरती चार ओळींची बंदिश स्वतः बांधा आणि पुढच्याच तासाला मुलांकडून गाऊन घ्या.